लिओनिल्दाबाईंचा देवदूत

४ मार्च
थुंकीपुढे सगळी औषधं फिकी! आम्ही भित्तिचित्रं दुरुस्त करणारे कापूस जिभेवर ओला करतो आणि हळूच भिंत पुसतो. ओल्या चुन्यात मुरलेला जुना रंग हलत नाही. मागाहून फासलेला लगेच कापसावर येतो. आज चर्चच्या भिंतीवरल्या देवदूताच्या गालावरून बोळा फिरवला — गुलाबी झाला. म्हणजे गावाचा लाडका चेहरा मूळचा नाहीच.

५ मार्च
कुणाला बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची — पण किती दिवस? सगळा खर्च एकट्या लिओनिल्दाबाईंचा. नवऱ्यामागे विटांची भट्टी विकली ती यासाठीच. वय एक्याऐंशी, नजर अधू होत चाललेली. ‘डोळे जायच्या आत मला खरा देवदूत बघू दे, एर्सिलिया’ — रोज हेच. आता कोणत्या तोंडाने सांगू?

९ मार्च
दिवसभर परांचीवर. ऊन भिंतीवरून सरकत जातं, ओल्या चुन्याचा वास येतो, खाली कुणीतरी प्रार्थना पुटपुटत असतं... मी कुठल्या शतकात बसलेय तेच विसरते.

दुपारी देवदूताच्या कानामागे नखाएवढा रंग काढून पाहिला. खाली कोरा चुना. मूळ चेहरा केव्हाच गळून गेलाय. हा पुसला तर काहीच उरणार नाही! आणि काय गोड चेहरा आहे — जरासा हट्टी, आत्ता खाऊ मागेल असा. माझा जीव जडलाय त्याच्यावर.

१२ मार्च
बाई मसुराचं सूप घेऊन आल्या. सांगून टाकलं — चेहरा नंतरचा आहे. त्या चमच्याने सूप ढवळत राहिल्या.

“माहीत आहे गं. भूकंपात चेहरा पडला. बाबा घरांना चुना मारायचे, त्यांनी गुपचूप नवा काढला. मला समोर बसवून.”

मी वर देवदूताकडे पाहिलं.

“सत्तर वर्षं गाव माझ्यापुढे मेणबत्त्या लावतंय. लाजेने मी कधी मान वर केली नाही. मला पुसून टाक. खालचा दाखव.”

खाली काही नाही, हे ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

१३ मार्च
काम नाही. नुसती बघत बसले.

२० मार्च
फक्त मेणबत्त्यांची काजळी काढली. बाईंना हात धरून वर आणलं. “पुसलंस?” “पुसलं.” नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळ जाऊन त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, किती सुंदर आहे!”