मोतीबिंदूची यादी आणि मोकळी जागा

१२ जानेवारी, सोमवार
संकल्प: फोनाफोनी बंद! मंजुश्री गावची आशाताई. बायको माझी, पण पद्धत जुनाट. मोतीबिंदूच्या शिबिराचे अडतीस पेशंट, एकेकाला फोन करणार म्हणे. मी स्क्रिप्ट लिहितो. एक एंटर, अडतीस मेसेज. यादीत आपली आई, जनकाबाईही आहे.

१४ जानेवारी
टेस्ट मेसेज स्वतःलाच पाठवला. आला. नाव, मग नुसती मोकळी जागा. तारीख गायब! सगळे कॉलम सारखे दिसावेत म्हणून स्क्रिप्ट नावामागे स्पेस भरते आणि मेसेज त्यातच संपतो. किरकोळ आहे. उद्या होईल.

१६ जानेवारी
सगळ्या स्पेस उडवल्या. आता 'जनकाबाईधामणगावबढेगुरुवारसकाळीसहा'. डोकं उठलं. आईने विचारलं, बाबू, माह्या डोयाचं कधी हाय? म्हटलं, मेसेज येईल. ती म्हणे, मले वाचाले दिसते कुठं? मुद्दा बरोबर आहे. पण सिस्टीम म्हणजे सिस्टीम.

१९ जानेवारी
मंजुश्रीला धीर नाही. दोन तासांत सदतीस जणांना कळवून मोकळी. रंगरावांना ऐकू येत नाही, तर त्यांच्या घरी जाऊन आली. आईचं माझ्याकडे ठेवलं. तू आईला सांगू नको म्हटलं, एक तरी मेसेज माझ्या स्क्रिप्टचा जाऊ दे. ती म्हणे, नक्की सांगसान नं? राग आला. घरातल्या माणसाला सांगायला विसरेन काय मी?

२१ जानेवारी
मंजुश्री कागदं घेऊन परस्पर बुलढाण्याला, दवाखान्यात. फोनवर म्हणे, उद्या सकाळी सहाले आईले गाडीत बसवून द्या. हो हो म्हटलं. मेसेजच्या ओळीवर अजून हेडिंग आणि तुटक रेघ येते, तेवढंच राहिलं.

२२ जानेवारी, गुरुवार, पहाटे ५
हेडिंग गेलं. खाली एक रिकामी ओळ उरली. पाच मिनिटांचं काम. मोबाईल सायलेंटवर टाकला.

सकाळी ८.१०
जमलं! एकही जास्तीची स्पेस नाही. 'जनकाबाई, धामणगाव बढे, गुरुवार, सकाळी सहा, बस स्टँड.' आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणे, लय चांगलं झालं रे बाबू. मंग आज वार कोनता हाय?

८.४०
मंजुश्रीचे अकरा मिस्ड कॉल. फोन केला, तर म्हणे सदतीस जण पोचले. नोंदणी साडेसातलाच बंद झाली. पुढचं शिबिर दिवाळीनंतर. आईने पातळ बदललं, पिशवी भरली, पुन्हा वार विचारला. लाज वाटते. अजून सांगितला नाही.