तेल म्हणजे कोणते तेल

पलूस, जि. सांगली
दि. ६ जानेवारी २०२५

मी, कल्लाप्पा नेमिनाथ मगदूम, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी पास, धंदा शेती व पूर्वी नदीकाठच्या पाणी-इंजिनांचा फिटर, राहणार पलूस, स्वहस्ते लिहितो ते येणेप्रमाणे :

चि. चंदनबाला हिस अनेक उत्तम आशीर्वाद. जय जिनेंद्र वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. मजकूर समजला. ‘आणि’ हा शब्द तू अद्याप ‘आनी’ असाच लिहितेस. शाळेत तुझ्या पाटीवर मी तो कितीदा दुरुस्त करून दिला होता, याची आठवण करून देतो. शब्द नीट लिहावा. शब्द चुकला की अर्थ चुकतो.

पाचगणीच्या पठारावर पर्यटकांना फिरवून निकामी झालेली चार चाकांची मोटारसायकल तुझ्या नातीने, चि. प्रियदर्शनीने, घरी आणून तिचे इंजिन नव्याने बांधले, हे वाचून मला प्रथम हसू आले. सत्तरी ओलांडलेल्या बाईने तिच्यावर बसून शेताला जावे, हे मलकापूरकर कसे पाहत असतील, ते त्यांनाच ठाऊक. तथापि तुझे गुडघे आता आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालू देत नाहीत, व शेताचे तोंड पाहिल्याविना तुझ्या घशाखाली घास उतरत नाही, हेही मी जाणतो. म्हणून गाडीस माझी हरकत नाही.

गाडी धूर फार सोडते, खोकते व वेग उशिरा घेते, असे तू लिहिलेस. दोष कार्ब्युरेटरच्या जुळणीत आहे. हवा व इंधन यांची गाठ तेथे पडते. बाजूस हवेचा लहान स्क्रू आहे, तो अर्धा आटा सैल करावा. धूर म्हणजे तेल जास्त. यास्तव धूर जाईतोपर्यंत तेल कमी कमी करीत जावे. प्रियदर्शनीने डिप्लोमा केला आहे, याचा मला अभिमान आहे. परंतु पुस्तकातील प्रमाणे बाजूस ठेवून तिने या कामी अनुभवी माणसाचे ऐकावे.

तुझी वहिनी बरी आहे. तिने तीळ पाखडावयास घेतले आहेत. माझे कान पूर्वीइतकेच निकामी आहेत, तेव्हा फोन करण्याचे श्रम कोणी घेऊ नयेत. लोभ आहेच, तो तसाच वाढता ठेवावा.

तुझा,
दादा

* * *

मलकापूर, कराड
१३ जानेवारी

ती. दादास चंदनबालेचा शि. सा. न. वि. वि.

आरं दादा, सख्ख्या भणीला लिवतानाबी नाव, वय आनी धंदा? एकदा पंच म्हणून कोर्टात साक्ष दिलीस तवापासनं तुजी ही खोड गेली न्हाई. तुजं नाव मला ठावं हाय. माज्या केसांच्या यण्या तू वडल्यास, तवाबी काय नाव सांगून वडत हुतास? आनी हे ‘आनी’ मी मुद्दाम लिवलंय.

तुजी मात्रा लागू पडली बग. प्रियानं स्क्रू सैल केला. पर तेल कमी करायला ती आडून बसली. म्हणाली, आजी, या गाडीला पेट्रोलात इतकं तेल मिसळावंच लागतं, ह्ये कमी करून चालत न्हाई. मी म्हटलं, माज्या दादानं नदीकाठची इंजनं पाण्यातनं काढून चालू केल्यात, तू कालची पोर, त्याच्या हातचं लिवलेलं खोटं पाडतीस व्हय? तवा कुटं गप बसली. पैल्यांदा निम्मं केलं, मग त्याच्याबी निम्मं. आता धूर म्हणशील तर नावाला न्हाई. तेलाची बाटली फडताळात जाऊन बसली. गाडी अशी हलकी पळती, का ईचारू नको. शेजारचा आकाराम म्हणाला, काकी, आता तुमाला लायसन काढाय पायजे. मी म्हटलं, आदी तू तुजा बैल आवर.

हरभरा घाट्यांवर आलाय. रोज ऊन कलायच्या आत जाऊन येती, दिस मावळायच्या आदी जेवाय बसती. लय दिसांनी पाखरागत वाटतंय. गुडघं हायेत का न्हाईत, याचीबी याद न्हाई. येत्या आठवड्यात शेताच्या वरच्या पट्टीला जाणार हाय. तितला चढ मोटा हाय, पर आता भ्या न्हाई.

वैनीला तिळगुळाचं गोड बोलनं सांग, तुला न्हाई. तू आदी बोलाय शिक. माया पातळ करू नको.

तुजी,
चंदी

* * *

पोस्टकार्ड
पलूस, दि. १६ जानेवारी २०२५

चि. चंदनबाला हिस अ. उ. आ.

पत्र पोहोचले. सर्वजण खुशाल असल्याचे वाचून समाधान वाटले. येथे द्राक्षांत साखर भरू लागली आहे. तुझ्या वहिनीस थोडी सर्दी होती, ती गेली. विशेष म्हणजे, मी पूर्वी लिहिल्याप्रमाणे पेट्रोलात मिसळावयाचे तेल कमी करू नये. कमी करावयाचे ते कार्ब्युरेटरमधून जाणारे इंधन होय. वाचणाऱ्याने शब्दाचा अर्थ नीट लावावा. बाकी ठीक. लोभ असू द्यावा.

कल्लाप्पा ने. मगदूम

* * *

मलकापूर, कराड
२४ जानेवारी २०२५

ती. स्व. कल्लाप्पा आजोबांस,
प्रियदर्शनीचा सा. न. वि. वि.

आजीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे म्हणून हे पत्र मी लिहीत आहे. घाबरू नका. मनगट मोडलं आहे आणि कमरेला मार लागला आहे. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल. चालण्याचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही.

शनिवारी आजी वरच्या पट्टीला निघाली होती. चढ संपता संपता इंजिनानं पिस्टन धरला, तो आतच जाम झाला, मागची चाकं जागच्या जागी अडकली, गाडी आडवी झाली आणि आजी बांधावरून खाली हरभऱ्यात पडली. आकारामकाकांनी तिला उचलून आणलं. मी नंतर सिलिंडर उघडला. आत तेलाचा ओलावा नव्हता. पिस्टनवर उभे ओरखडे होते.

तुमचं कार्ड सोमवारी आलं. ते बाबांच्या हाती पडलं. त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि मला म्हणाले, बघ, त्या म्हाताऱ्या माणसानं दोनदा बजावलं होतं, एकदा आधी आणि एकदा आता. चार बुकं शिकलीस म्हणून तू त्यांचं ऐकलं नाहीस आणि माझ्या आईला पाडलंस. मी आजीकडे बघितलं. आजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्री ती मला म्हणाली की दादाचं पहिलं पत्र उशीखाली आहे, ते तिथंच राहू दे. त्याचं वय झालंय, त्याला आता खाली मान घालायला लावू नकोस. तू लहान आहेस, तुझं कोण मनात धरून ठेवत नाही.

म्हणून मी बाबांना काही बोलले नाही. तुम्हालाही हे कळवायचं नाही असं आजीनं सांगितलं होतं. ते मात्र मला जमलं नाही.

बाबा दोन तारखेच्या रविवारी गाडी भंगारवाल्याला देणार आहेत. माझे पाने-स्क्रूड्रायव्हर त्यांनी माळ्यावर टाकले. आजी त्यावर काही म्हणत नाही. फक्त मी खोलीत गेले की विचारते, हरभऱ्याला आज कोण गेलं होतं.

वहिनीआजींना नमस्कार. लोभ ठेवा, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

प्रियदर्शनी

* * *

पलूस, जि. सांगली
दि. २८ जानेवारी २०२५

मी, कल्लाप्पा नेमिनाथ मगदूम, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी पास, स्वतःस फिटर म्हणविणारा, राहणार पलूस, कोणाच्याही दडपणाखाली नसताना सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की :

चि. गोमटेश यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईस अपघात झाला, तो तुझ्या मुलीच्या हट्टाने झाला, असा तुझा समज आहे. तो समज चुकीचा आहे, व तो तुझ्या मनात मी घातला आहे.

पेट्रोलातील तेल कमी करू नये, असे मी पूर्वी कधीही लिहिले नव्हते. मी लिहिले होते ते असे की, धूर जाईतोपर्यंत तेल कमी कमी करीत जावे. आम्हा पाणी-इंजिनवाल्यांच्या तोंडी टाकीत ओतावयाचे जे काही, त्यास तेलच म्हणतात. जन्मभर तोच शब्द वापरला, म्हणून तोच लिहिला. माझ्या मनात कार्ब्युरेटरमधील सुई होती. ती एक खाच खाली उतरविली असती, तर इंधन कमी गेले असते व धूर थांबला असता. परंतु सुईचे नाव मी काढले नाही. मुलीच्या डोक्यात एवढे बारकावे शिरणार नाहीत, असे मला वाटले. या जातीच्या इंजिनात पेट्रोलात मिसळलेल्या तेलावाचून पिस्टनला दुसरे वंगण नसते. हे तिला ठाऊक होते, व तिने ते बोलूनही दाखविले. तिला गप्प केले ते माझ्या नावाने.

येथवरचे लिहिण्यास हात अडला नाही. शब्दाची चूक कोणाचीही होते. पुढचे लिहिणे कठीण आहे.

तुझ्या आईचे पत्र आले. त्यात, तेलाची बाटली फडताळात जाऊन बसली, असे वाक्य होते. ते वाचताक्षणीच काय झाले आहे, हे मला कळले. ती वरच्या पट्टीला जाणार आहे, हेही त्याच पत्रात होते. माझा नातू चि. विश्वजित शेजारी उभा होता. माझा चेहरा पाहून, आत्याआजीस फोन लावू का, असे त्याने माझ्या कानाशी ओरडून विचारले. फोन त्याच्या हातातच होता. मी त्यास हटकले. लेखी लिहिलेले लेखीच दुरुस्त होते, असे मी त्यास सुनावले. खरे कारण निराळे होते. मला ऐकू येत नसल्याने फोनवर त्यालाच माझ्या वतीने बोलावे लागले असते, की आजोबांचे चुकले, गाडी काढू नका. हे वाक्य नातवाच्या तोंडून माझ्याच घरात उच्चारले जावे, हे मला सोसले नसते. म्हणून मी कार्ड लिहिले. त्यातही आधी द्राक्षांची व सर्दीची बातमी लिहिली, म्हणजे घाईत लिहिल्यासारखे दिसू नये. मग ‘पूर्वी लिहिल्याप्रमाणे’ या शब्दांपाशी लेखणी थांबली. ते खोटे आहे, हे मला त्या वेळी ठाऊक होते. तरी ते लिहिले. कार्ड टपालात असताना चंदनबाला चढावर होती.

शब्द चुकला की अर्थ चुकतो, असे मीच तिला लिहिले होते. तिचा ‘आनी’ जन्मभर चुकत आला, त्याने कोणाचे हाड मोडले नाही.

प्रियदर्शनीने हे सर्व मला कळविले, त्याबद्दल तिला बोलू नये. माझे पहिले पत्र तुझ्या आईच्या उशीखाली आहे. ते मागून घ्यावे. ती देणार नाही. तेव्हा दादाची आज्ञा आहे असे सांगावे. माझ्यासाठी तिने नातीस दोषी ठरू दिले. हे ओझे तिच्या दुखऱ्या हातावर मी टाकले आहे, ते उतरवावे.

गाडी भंगारात देऊ नये, अशी विनंती आहे. मी शनिवारी विश्वजितसह येतो. प्रियदर्शनीचे पाने माळ्यावरून काढून तिच्या हाती द्यावेत. सिलिंडर व पिस्टन यांचे काय करावयाचे, ते तिने ठरवावे. तेलाचे प्रमाण तिच्या पुस्तकातील. पुढे कार्ब्युरेटर जुळविताना ती सांगेल तितका स्क्रू मी फिरवीन. मला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून टाकीवर तळवा ठेवून थरथर पाहीन. तथापि ती थांबा म्हणाली की थांबेन. गाडी चालू झाल्यावर पहिल्या प्रथम तिच्यावर बसून वरच्या पट्टीचा चढ मी चढेन. चंदनबालेने पुन्हा बसावे की नाही, हे मी सांगणार नाही. सांगण्याचा माझा अधिकार गेला. तोवर हरभऱ्यास रोज कोणीतरी जावे व तिला येऊन सांगावे.

हे पत्र टपालात टाकण्यापूर्वी विश्वजितने फोनवरून तुम्हा सर्वांस शब्दशः वाचून दाखवावे, असे मी त्यास सांगितले आहे. कार्डाला लागला तितका वेळ यास लागू नये.

लोभ असावा, असे शेवटी लिहितात. मी आज ते लिहीत नाही. तुम्हांस योग्य वाटेल तितका ठेवावा.

लिहून देणार,
कल्लाप्पा नेमिनाथ मगदूम

वाचन झाल्यानंतर, विश्वजितने ऐकून सांगितल्याप्रमाणे, माझ्या हस्ताक्षरात पुढील नोंद करतो.

समक्ष हजर :

पलूस येथे —
१. मनुबाई कल्लाप्पा मगदूम, माझी पत्नी. सर्व ऐकले. मध्येच उठून आत गेली व पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून पुन्हा बसली.
२. विश्वजित, माझा नातू. यानेच वाचले. ‘खोटे आहे’ या शब्दांपाशी त्याचे ओठ अडखळलेले मी पाहिले. मी त्यास पुन्हा वाचावयास लावले.

मलकापूर येथे, फोनच्या पलीकडे —
३. गोमटेश, भाचा. शनिवारी कोणत्या एसटीने येणार, एवढेच त्याने विचारले.
४. चंदनबाला, बहीण. मोठ्याने रडली, असे समजते. मग म्हणाली की दादाला सांगा, नाव आनी वय आता तरी सोड, आनी येताना तेल घेऊन ये. कंचं तेल, त्ये माज्या नातीला ईचारून आण.
५. प्रियदर्शनी, नात. शेवटपर्यंत हजर होती. फोन तिनेच ठेवला. तिच्या सहीची जागा रिकामी सोडली आहे; करावी की नाही, ते तिने ठरवावे.