हंच म्हणे!

कोल्हापूर, ९ मार्च १९९९

दूध संस्थेच्या निवडणुकीत सत्ताधारी पडणार, असं कालच्या अंकात मी एकटीनंच लिहिलं होतं. आज तसंच झालं. संपादक सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, काय हंच हो तुमचा! देवीचा कौलच की!” सगळे हसले.

हंच? म्हणजे नुसता आतून आलेला अंदाज? मुरगूडला गुलालवाल्याच्या दुकानात दिवसभर बसले होते मी. सत्ताधाऱ्यांनी विजयाच्या मिरवणुकीसाठी सांगून ठेवलेली गुलालाची पोती गुपचूप रद्द केली, तेव्हा तिथंच होते. मग सभासदांची घरं पालथी घातली.

आमच्याच अंकातलं सहकारी शिंद्यांचं भाकीत साफ चुकलं, पण तो म्हणे अभ्यास! विधानसभेच्या वार्तांकनाचं कामही त्यांनाच दिलंय.

त्या दुकानात पदराला लागलेला गुलाल अजून निघत नाही. बरंच आहे. उद्या हाच पदर दाखवून संपादकांना विचारणार आहे, “साहेब, हंचला गुलाल लागतो का हो?”