ग्लेनखार्नच्या पाळकाविषयी आणि माझ्या भावाविषयी

मी, केल्विन महिपती खरात, वय सदुसष्ट, पूर्वीचा धंदा ड्राफ्ट्समन, मूळचा बेथानीवाडी, जिल्हा जालना येथला, सध्या मुक्काम अल नस्र, दोहा, कतार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके शाबूत आहे असेही तेच म्हणतात, आणि तसा दाखला मी मुद्दाम मागून घेऊन सोबत जोडला आहे. कारण माझा धाकटा सख्खा भाऊ डीन महिपती खरात गेली चार वर्षे लोकांना सांगत फिरतो की दादाच्या डोक्यावर परिणाम झालाय. माझ्यावर कोणाचीही जोरजबरदस्ती नाही. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र, ज्यात डीनला वाटा होता, ते या लेखाने रद्द समजावे.

कलम पहिले. बेथानीवाडी येथील माझे स्वकष्टार्जित घर, त्यामागील परसू, विहिरीवरचा पाण्याचा हक्क आणि आतील सामानसुमान हे सर्व मी श्रीमती बबीता रामभाऊ कांबळे, राहणार सदर, यांना देत आहे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. डीन या कलमाला हरकत घेईल आणि त्यावर घाणेरडे बोलेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून कारण सविस्तर लिहितो. मॅजिस्ट्रेटसाहेबांना वाचायचा कंटाळा आला तरी वाचावे.

आमच्या गावच्या चर्चचे नाव डालग्लिश स्मारक. सतराव्या शतकात स्कॉटलंड देशात ग्लेनखार्न नावाच्या गावी निनियन डालग्लिश नावाचा पाळक होऊन गेला. त्याच्या वंशातला एक मिशनरी आमच्या भागात आला आणि त्याने आपल्या पूर्वजाचे नाव चर्चला दिले. आमचे वडील तिथे घंटा वाजवत आणि रविवारच्या शाळेत शिकवत. डालग्लिशची गोष्ट आम्हां भावंडांना त्यांनी इतक्या वेळा सांगितली की आम्ही त्याला लांबचा आजोबाच समजत असू. राजाने हुकूम काढला की पाळकांनी बिशपाचा अधिकार मानावा, नाहीतर चर्च सोडावे. डालग्लिशने चर्च सोडले. भर थंडीत बायकोमुलांना गाड्यावर बसवून निघाला. पुढे कित्येक वर्षे डोंगरात उघड्यावर उपदेश करत राहिला, पहाऱ्याला माणसे उभी करून. शिपाई मागावर असत. शेवटी पकडला गेला. शपथ घे, सुटशील, असे सांगितले तरी शपथ घेतली नाही, आणि समुद्रातल्या एका खडकावरच्या तुरुंगात मेला.

हे सगळे खरे आहे. तो भेकड नव्हता. त्याचे चरित्र मी लिहिले आहे, त्यातही तसे स्पष्ट म्हटले आहे.

दोह्यात आमची मराठी मंडळी शुक्रवारी जमायची ती डीनच्या मदिनत खलीफामधल्या व्हिलात. तेव्हा इथे चर्चची इमारत नव्हती. गाड्या दोन गल्ल्या सोडून लावायच्या, पडदे ओढून घ्यायचे, गाणी हळू म्हणायची. कोणी कधी त्रास दिला असे नाही, पण छातीत धाकधूक असायचीच. अशा लोकांना डालग्लिशची गोष्ट फार जवळची वाटे. दर जानेवारीत त्याचा स्मृतिदिन व्हायचा आणि भाषण माझ्याकडे असायचे. वेल्डर, ड्रायव्हर, हॉस्पिटलातल्या नर्सेस, सगळे माना डोलवत ऐकायचे.

सन २००१ च्या रजेत मी स्वखर्चाने ग्लेनखार्नला गेलो. भाषणात नेहमी तेच ते सांगायचे, म्हणून काही नवे मिळाले तर पाहावे, एवढाच हेतू. चर्चची किल्ली गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे असे. त्यांनी दार उघडले, बाक दाखवले, व्यासपीठ दाखवले. मी म्हटले, "आमच्या गावात यांच्या नावाने चर्च आहे. आम्ही यांना संतासारखं मानतो." बाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाल्या, "मग तुम्हांला मनोऱ्यातली खोलीही दाखवायला हवी."

ती खोली म्हणजे चार भिंती आणि एक झरोका. इसोबेल रे नावाच्या विधवेला तिथे ठेवले होते. ही बाई गावातल्या आजारी पोरांना काढे देई, बाळंतिणींची कामे करी. डालग्लिश गावात नवा होता, जेमतेम पंचविशीचा, आणि डोंगरात हिंडायला त्याला अजून बारा-तेरा वर्षे अवकाश होता. जमीनदाराचे मूल दगावले. इसोबेलने त्याच्या हाताला दोरा बांधला होता. पाळकाने तिला चेटकीण ठरवले आणि मनोऱ्यात उभे केले. गावातले पुरुष पाळीपाळीने तिला जागे ठेवत. डोळा लागला की हलवायचे, पुन्हा चालवायचे. शेवटी ती म्हणाली, तुम्ही म्हणाल ते मी केले. मग तिचा गळा आवळला आणि देह जाळला. त्या प्रसंगी उपदेश डालग्लिशनेच केला.

मी बाईंना विचारले, "तुरुंगात तरी त्याला पस्तावा झाला असेल ना?"

त्या म्हणाल्या, "मरताना त्याने आपल्या सगळ्या शत्रूंना क्षमा केली. राजाला, बिशपांना, पहारेकऱ्यांनासुद्धा. तिचं नाव काही घेतलं नाही. आमच्या गावात हे शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे. तुमच्याकडे आलेल्या माणसाने सांगितलं नाही वाटतं?"

परत आल्यावर मी हे डीनला सांगितले. तो म्हणाला, "दादा, माणसं आठवडाभर उन्हात राबून येतात. त्यांना धीर पाहिजे. हे कशाला उकरायचं?" मी म्हटले, खरे सांगून धीर देता येतो. त्याने मान हलवली, आणि पुढच्या जानेवारीपासून भाषण स्वतःकडे घेतले. त्याची भाषणे माझ्यापेक्षा चांगली व्हायची, हे मान्य करतो. आवाज त्याला वडिलांचा मिळाला आहे. आणखी काही मिळालेले नाही.

आता बबीताबाईंविषयी. त्या बेथानीवाडीच्याच. डीनने त्यांना घरकामाच्या व्हिसावर आणले होते, म्हणजे त्यांचा पासपोर्ट डीनच्या कपाटात आणि देश सोडायचा परवानाही त्याच्याच सहीने. सन २००३ च्या हिवाळ्यात डीनच्या धाकट्या मुलीला झटके येऊ लागले. बबीताबाईंनी, गावाकडे करतात तसा, पोरीच्या दंडाला काळा दोरा बांधला. माझी भावजय जोआना हिला तो दिसला. डीन म्हणाला, या बाईने घरात काहीतरी आणले आहे, ते प्रार्थनेने काढले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी दुपारी जोआनाचाच मला फोन आला. रडत होती. "दादा, तुम्ही या. ती बाई पडेल आता."

मी गेलो. दिवाणखान्यात सोफे भिंतीला सरकवलेले. मधोमध बबीताबाई उभ्या, पाय सुजलेले, ओठ फुटलेले. मंडळीतली चार माणसे भोवती. डोके खाली गेले की एकजण ओरडून स्तोत्र म्हणे आणि दुसरा खांदा धरून हलवी. झोपू दिलेले नव्हते. डीनच्या हातात बायबल होते.

मी म्हटले, "बबीताबाई, बसा."

डीन म्हणाला, "दादा, यात पडू नका. हे मंडळीचं काम आहे."

"हे मंडळीचं काम आहे का?"

"डालग्लिशसाहेब असते तर त्यांनी काय केलं असतं?"

"हेच केलं असतं. हेच केलं होतं. तुला मी सांगितलंय."

ते चौघे डीनकडे पाहू लागले, कारण त्यांना यातले काहीच माहीत नव्हते. मी बबीताबाईंना खुर्चीवर बसवले. त्या बसल्या बसल्या झोपल्या. मग मी डीनला म्हटले, पासपोर्ट आण आणि परवान्यावर सही कर, नाहीतर इथून मी सरळ एंबसीत जातो. त्याने सही केली, पण माझ्याकडे न बघता. आम्ही निघताना म्हणाला, "परक्या बाईसाठी भावावर उलटलात."

बबीताबाई आमच्या घरी दीड दिवस झोपल्या. जाग्या झाल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती पोरीची. "झटका आला तर तिला कुशीवर करा म्हणावं, तोंडात चमचा घालू नका." मुलीला नंतर जोआनाने डॉक्टरांकडे नेले. गोळ्या चालू आहेत, आता शाळेत जाते, बरी आहे. डीन म्हणतो, प्रार्थनेने बरी झाली.

त्यानंतरच्या जानेवारीच्या स्मृतिदिनी मी न बोलावता उभा राहिलो आणि इसोबेल रेची सगळी हकिगत सांगितली. शेवटी त्या चौघांची नावे घेतली आणि डीनचे घेतले. बायका रडल्या. पुरुष चिडले. एक ड्रायव्हर म्हणाला, "खलास, बसा आता, साहेब." पुढच्या शुक्रवारी मला दारातच सांगण्यात आले की मंडळीत माझी जागा नाही. ज्याने दार अडवले त्याच्या मुलाला मी नोकरी लावली होती. हे उपकार म्हणून लिहीत नाही, राग आहे म्हणून लिहितो.

तेव्हा घर बबीताबाईंना. त्या आता गावी शिवणकाम करतात आणि बहिणीच्या पडवीत राहतात. माझ्या घराण्याने त्यांना तीन दिवस उभे ठेवले. त्यांनी माझ्या घरात आयुष्यभर बसावे.

कलम दुसरे. माझी बँकेतील सर्व शिल्लक माझी मुलगी आंद्रिया हिला. ती अल वक्राला राहते, तिचे चांगले चालले आहे. घर तिला दिले नाही म्हणून तिने रुसू नये, मी तिला विचारूनच हे केले. तिला मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. "पप्पा, व्हाय आर यू स्टिल सो अँग्री?" असे तिने परवा विचारले. मी म्हटले, "कारण तो अजून उपदेश करतो." तिच्या आईची बांगडी तिच्याकडेच आहे, ती तिचीच.

कलम तिसरे. माझा ड्रॉइंग बोर्ड, शाईची पेने, स्केली आणि कंपासपेटी माझे मित्र इब्राहीम मुकादम, मूळचे दापोली, यांना. ते कॉम्प्युटरवर काम करतात आणि बोर्डाला अडगळ म्हणतात. तरी घ्यावा. मंडळीने मला काढले त्या शुक्रवारपासून आजवर ते नमाजहून परतताना माझ्याकडे जेवायला थांबतात. त्यांनीच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी.

कलम चौथे. निनियन डालग्लिशचे मी लिहिलेले चरित्र. यंदा सरकारने दिलेल्या जागेवर चर्चे उभी राहत आहेत. पडदे ओढायची गरज संपली, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या मंडळीलाही एक हॉल मिळतो आहे. त्या निमित्ताने डीनने निरोप पाठवला की चरित्र छापू, फक्त मनोऱ्याचे प्रकरण गाळू, आणि दादांना सन्मानाने परत घेऊ. माझे उत्तर नाही. चरित्र छापायचे तर पूर्ण छापावे. डोंगरातला उपदेशही असावा, तुरुंगही असावा, इसोबेल रेही असावी. एक ओळ गाळल्यास छापणाऱ्यावर आंद्रियाने दावा लावावा. खर्च माझ्या शिल्लकेतून करावा.

कलम पाचवे. माझा भाऊ डीन यास काहीही नाही. विसरून राहिले असे कोणी समजू नये. त्याने बबीताबाईंच्या दारात जाऊन, त्यांच्या समोर, चूक झाली असे स्वतःच्या तोंडाने म्हटले, तर आंद्रियाने त्यास वडिलांचे बायबल द्यावे. पत्राने किंवा फोनवर म्हटलेले चालणार नाही. बबीताबाईंनी क्षमा केली पाहिजे अशी अट मी घातलेली नाही आणि कोणी घालू नये.

कलम सहावे. माझा देह बेथानीवाडीला न्यावा आणि तिथेच पुरावा. डीन नक्की येईल, आणि लोक त्याला बोलायचा आग्रह करतील. त्याला पुढची खुर्ची द्यावी, चहा द्यावा, उन्हात उभे करू नये. माइक देऊ नये.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, समजून उमजून लिहिले आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले.

ठिकाण: अल नस्र, दोहा
दिनांक: ११ एप्रिल २००८, शुक्रवार

सही: केल्विन महिपती खरात

साक्षीदार १: जुलियाना डाबरे, स्टाफ नर्स, मूळ राहणार वसई, शेजारीण. खरात अंकलनी आमच्यासमोर सही केली. पाचवे कलम थोडे मऊ करा, असे मी त्यांना दोनदा म्हटले. त्यांनी ऐकले नाही. मग बबीताबाईंची हकिगत मी पुन्हा एकदा त्यांच्या तोंडून ऐकली, आणि माझी विनंती मी मागे घेते.

साक्षीदार २: महंमद सलीम परकार, अकाउंटंट, मूळ राहणार दापोली. समक्ष सही झाली.