हाताचा वास

आप्पा, तुमची नात गुरांची डॉक्टर व्हायला निघालीये. तुम्ही जन्मभर गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होतात, म्हणून तुम्हाला सांगतोय. इथे शारजात ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हेटर्नरी कॉलेजला नुसते मार्क पुरत नाहीत. जनावरांत काम केल्याचे तास वहीत लिहून त्यावर डॉक्टरची सही लागते. त्यासाठी ती दर शनिवारी शेळ्या-उंटांच्या दवाखान्यात जाते. निदान वही तसं म्हणायची. मला काही पटेना. घरी यायची ती चकाचक, अंगाला साबणाचा वास. दिवसभर शेळ्यांत राबलेलं माणूस असं येतं होय? तुम्ही मला रोज सकाळी गोठा झाडायला लावायचात, मग दारात अडवून म्हणायचात, "हात दाखव." हात हुंगल्याशिवाय शाळेत सोडायचा नाहीत. तीच खोड मला लागली. ती आली की पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्ताने मी जवळ जायचो. बायको म्हणायची, "अहो, पोरगी आहे ती, चोर नाही."

गेल्या शनिवारी न सांगता गेलो. औद्योगिक वस्तीत, गॅरेजांच्या रांगेपलीकडे. आत जाऊन विचारायचं सोडून मागच्या कुंपणाशी उभा राहिलो. ती अडलेल्या शेळीपाशी गुडघे टेकून बसलेली, हातमोजे कोपरापर्यंत माखलेले. करडू बाहेर आलं तसा पठाण राखणदार ओरडला, "खलास, डॉक्टर साब, खलास!" इथे खलास म्हणजे झालं, काम फत्ते. ती हसत वर बघते, तर समोर मी. निघताना इथे सगळ्यांना आंघोळ करून कपडे बदलावेच लागतात, रोग घरी जाऊ नये म्हणून, हे मला तिच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं.

गाडीत ती एवढंच म्हणाली, "यू केम टू चेक ऑन मी."

"अगं, तसं नाही..."

"बाबा, प्लीज."

कॉलेजच्या अर्जासोबतच्या निबंधात ती तुमच्याविषयी लिहिणार होती. रोज जेवताना तुमची एक तरी गोष्ट विचारायची. आठवडा झाला, विचारत नाही. मला फार लागलंय ते.

एक गोष्ट तर मी तुम्हालाही कधी सांगितली नाही. कितीतरी सकाळी मी गोठा झाडलाच नव्हता, आप्पा. दारातलं शेण हातांना चोळून तुमच्यासमोर उभा राहायचो. तुम्ही हुंगायचात आणि पाठीवर थाप मारायचात. तुम्हाला लिहिलेला हा कागद तिनेही वाचावा म्हणून मघाशी तिच्या दाराखालून सरकवायला गेलो होतो. अर्धा आत गेला, तोच परत ओढून घेतला.