लग्न परत करता येतं का?

ज्ञानेश्वरीताई,

आज शाळेत वकील मॅडम आल्या. पोरं हसावीत म्हणून मी इचारलं, "दुकानातलं कापड परत करतेत, तसं लग्न करता येतं का?"

मॅडम हसल्या न्हाईत. म्हणल्या, "अठराच्या आत लावलेलं असलं तर पोरीला कोर्टात रद्द करता येतं. पण वीस पुरी व्हायच्या आत अर्ज द्यावा लागतो."

तुझं लगीन नववीत लागलं. दिवाळीत तुला वीस पुरी होतील. आईला सांगितलं तर म्हणली, "गप, मुडद्या!"

तुझा फोन सासूकडं, चिठ्ठी आधी दाजी वाचणार. म्हणून ही टाकत न्हाई. नागपंचमीला तुला माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच देवणीला, तुझ्या सासरी येतो.

लग्नात कोणतं गाणं वाजवू, हे बँडवाल्यानं मलाबी इचारलं होतं. तुला कुणी कायच इचारलं न्हाई. यष्टी सुटली की मी इचारणार: ताई, तुला सासरी माघारी जायचंय का?

तुझा लई आगाऊ भाऊ,
अंगद