वगळलेली ओळ

प्रिय धाकटे,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवशील, हे मी धरून चालले आहे. ठेव. फक्त फाडू नकोस.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात म्हणून शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली. देवळाचं शिवणकाम अजून माझ्याकडेच असतं, फादरांचे झगे, वेदीवरची वस्त्रं, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलींचे पांढरे फ्रॉक. कॉन्व्हेंटात तुझी टीप सरळ यायची आणि माझी नागमोडी. शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, जिला उसवायची लाज वाटते तिला शिवता येत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला तू माझ्या खांद्यावर पेंगायचीस, आणि सिस्टरांना कळू नये म्हणून तुझं आमेन मीच बारीक आवाज काढून म्हणायचे. हे हल्ली फार आठवतं.

आई गेली आणि माझी प्रार्थना अडली. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर, ही ओळ आली की मी खोकायचे. पुढे खोकणंही सोडलं, नुसती गप्प राहायचे. कारण त्या ओळीपाशी तू उभी असायचीस. दफनाच्या दिवशी सगळ्यांदेखत मी तुला म्हटलं होतं, वेळेवर कळवलं असतंस तर आई मला भेटली असती. तू मान खाली घातलीस. तेव्हापासून मी रविवारच्या मिस्साला जात होते, पण धुतलेले कपडे पोचवायला जावं तशी.

गेल्या महिन्यात प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या मास्तरांचा घसा बसला. फादरांनी मला पुढे उभं केलं. मी म्हणत गेले, लोक माझ्यामागून म्हणत गेले, आणि सवयीने ती ओळ माझ्या तोंडून गळली. अख्ख्या देवळाने ती माझ्यामागे गाळली. बाहेर आल्यावर आपला सुतारकाका म्हणाला, काय बाई, आज देवाने क्षमेची सूट दिली वाटतं, आधी सांगायचं ना, मी भावाशी निवांत भांडून आलो असतो. सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन जेवण गेलं नाही.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. जाळीशी गुडघे टेकून सगळं सांगितलं, तू कशी वागलीस, मला कसं अंधारात ठेवलंस. फादरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, बाई, तुमच्या बहिणीचं पापनिवेदन झालं, आता तुमचं सुरू करा. मला राग आला. पाठ फिरवून निघून आले. आठवडाभर मशीनवर बसायचे, पण सुईत दोरा ओवला जाईना.

कारण मला माहीत होतं. आई गेली त्या दुपारी तुझा फोन आला होता. दोनदा. मी एका फ्रॉकची झालर लावत होते. स्क्रीनवर तुझं नाव पाहिलं आणि मनात म्हटलं, पुन्हा तेच, ताई कधी येतेस, ताई कधी येतेस. एवढी झालर होऊ दे. झालर झाली, मग बाह्या घेतल्या. तू तो फोन आईच्या कानाशी धरला होतास, हे शेजारच्या काकूंनी मला दफनानंतर आठवड्याने सांगितलं. म्हणजे आईने माझी रिंग ऐकली, मला नाही. आणि दफनाच्या दिवशी तू एका शब्दाने मला खोटं पाडू शकली असतीस. पाडलं नाहीस. उलट मी तुझ्यावर रागावून राहिले, कारण स्वतःवर रागावले असते तर उभी राहू शकले नसते. काल परत जाऊन फादरांना एवढंच सांगितलं. पाच मिनिटं लागली.

तुला क्षमा करायला मी चार वर्षं झगडले, आणि क्षमा करण्यासारखं तुझ्याकडे काही नव्हतंच. म्हणून हे पत्र. क्षमा मी मागते आहे. देवळातही सर्वांसमोर सांगेन, जसा आरोप सर्वांसमोर केला तसाच. मास्तरांचा घसा अजून बसलेला आहे, या रविवारीही प्रार्थना मीच म्हणवून घेणार आहे, आणि ती ओळ म्हणणार आहे. आवाज फुटेल की नाही, माहीत नाही. तू यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही. पण दहाच्या सुमारास जिथे असशील तिथे, जमलं तर, या खेपेला माझं आमेन तू म्हण.

तुझीच,
ताई